स्वतःचा अभ्यास म्हणजे एकट्याचा अभ्यास नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो: मुलांना क्लास लावावा की त्यांनी आपापला अभ्यास करावा? नव्या पेठेतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, शाळेच्या पालकसभेत, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही बाजूंची वाक्यं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, आमच्या वेळी कुठे होते क्लास, ज्याला शिकायचं असतं तो रस्त्याच्या दिव्याखाली बसूनही शिकतो. दुसरी म्हणते, ते दिवस गेले, आता क्लासशिवाय मूल टिकत नाही, आणि हातात मोबाइल असताना घरी बसून कोण अभ्यास करणार? जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं सांगितलं, तेव्हा हाच वाद आणखी तापला. पण इतका जोर लावूनही तो पुढे सरकत नाही. कारण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मनातून मान्य आहे: स्वतःहून अभ्यास करणं हा स्वभावाचा भाग आहे, कुणात तो असतो, कुणात नसतो. एका बाजूला तो सगळ्यांमध्ये असायला हवा असं वाटतं, दुसरीला तो आजकालच्या मुलांत उरलाच नाही असं वाटतं.

हे गृहीतकच चुकीचं आहे. आपला अभ्यास आपण हाकणं हा गुण नाही, ते एक काम आहे. त्याला पायऱ्या आहेत, त्यात ठरावीक चुका होतात, त्या दुरुस्त करता येतात आणि ते शिकवता येतं. ते शिकवण्याची जागा म्हणजे शाळेतला रोजचा विषयाचा तास. ‘अभ्यास कसा करावा’ यावर वर्षातून एकदा होणाऱ्या व्याख्यानाने ते साधत नाही. मूल क्लासला जातं की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत याला स्वयंनियंत्रित अध्ययन म्हणतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी आयुष्यातली अनेक वर्षं या एका विषयाला दिली. १९८६ साली त्यांनी मॅन्युएल मार्टिनेझ-पॉन्स यांच्याबरोबर दहावीच्या ८० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ४० वरच्या तुकडीतले, ४० खालच्या तुकड्यांतले. ‘किती तास अभ्यास करतोस’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. वर्गात शिकवत असताना तू काय करतोस, गणिताचा गृहपाठ करताना काय करतोस, परीक्षेची तयारी करताना, अभ्यासाचा कंटाळा आलेला असताना काय करतोस, असे प्रसंग समोर ठेवून उत्तरं नोंदवली. त्या उत्तरांत त्यांनी १४ प्रकारच्या युक्त्या शोधल्या. त्यांपैकी काही: ध्येय ठरवून आखणी करणं, माहिती आपल्या रीतीने नव्याने मांडणं, स्वतःच्या कामाची नोंद ठेवणं, बसण्याची जागा बदलणं, आठवून पाहणं, जुन्या चाचण्या पुन्हा पाहणं, मित्राला विचारणं, शिक्षकांना विचारणं, मोठ्या माणसांना विचारणं. नुसत्या या युक्त्यांच्या वापरावरून कोणतं मूल कोणत्या तुकडीतलं, हे ९३ टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. ही यादी पुन्हा वाचावी. तिच्यातल्या तीन युक्त्या मदत मागण्याच्या आहेत. म्हणजे जिला आपण ‘सेल्फ स्टडी’ म्हणतो आणि दार लावून एकटं बसणं समजतो, तिचा चांगला मोठा भाग दुसऱ्या माणसाकडे योग्य वेळी, योग्य प्रश्न घेऊन जाण्याचा आहे.

झिमरमन यांनी पुढे या सगळ्याची तीन टप्प्यांत मांडणी केली: कामाआधीचा विचार, प्रत्यक्ष काम आणि कामानंतरचा आढावा. हे तीन टप्पे फिरत राहतात, एका आढाव्यातून पुढचा विचार निघतो. ऐकायला सोपं आहे. दहावीच्या बीजगणितातला वर्गसमीकरणांचा धडा घेऊन ते पाहू. ‘आज गणित करायचं’ हे ध्येय नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कशावरून कळणार? ‘सूत्र वापरून पाच उदाहरणं, पुस्तक न बघता, तिसऱ्या उदाहरणानंतर थांबून उत्तरं तपासायची’ हे ध्येय झालं. काम करताना लक्ष ठेवायचं ते उत्तरापेक्षा पायरीवर: मधल्या पदाचं चिन्ह बदललं का, वर्गमुळाखालची किंमत काढताना ऋण संख्येचा वर्ग धन झाला का? आणि आढावा घेताना, समजा ‘दोन क्ष वर्ग बरोबर पाच क्ष’ या समीकरणाचं एकच उत्तर आलं, तर वहीत ‘चुकलं’ एवढं लिहून भागत नाही. ‘दोन्ही बाजूंना क्षने भागलं, त्यामुळे शून्य हे उत्तर हरवलं, यापुढे आधी सगळं एका बाजूला आणून अवयव पाडायचे’ असं लिहिलं, तर पुढच्या आठवड्यात तीच चूक होण्याची शक्यता कमी होते. ‘गणित माझ्या डोक्यात शिरत नाही’ हाही एक आढावाच आहे. फक्त त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही.

आपली बहुतेक मुलं यातला मधला टप्पाच धरतात, तोही पुन्हा पुन्हा वाचण्याच्या रूपात. गाइडमधली उत्तरं तीनदा वाचली, पिवळ्या पेनाने रेघा मारल्या, झाला अभ्यास. हे आळशीपणातून होत नाही. वाचताना ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा मनाचा समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना लहान उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आदल्या रात्री वाचून सकाळी घटक चाचणी देणारं मूल आपली पद्धत बरोबर आहे असं का समजतं आणि तेच मूल बोर्डाच्या पेपरात का अडखळतं, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. पद्धतीने त्याला लगेच बक्षीस दिलेलं असतं. नुकसान पुढे कधीतरी दिसतं, आणि तेव्हा दोष पद्धतीला न जाता बुद्धीला जातो.

आपल्या जुन्या घरांत तिन्हीसांजेला परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, स्तोत्रं, सगळं पुस्तकाशिवाय, रोज. पाठांतराला नावं ठेवण्याची रीत पडली तेव्हा या परवच्यातलं खरं बळ आपण ओळखलं नाही. ते बळ रोज थोडं, न बघता, आठवून म्हणण्यात होतं. त्यात उणीव होती ती वेगळीच: काय म्हणायचं, किती म्हणायचं, कुठे चुकलं, हे सगळं मोठं माणूस ठरवी. मूल त्यातून पाढे शिकलं, पण आपल्याला काय येत नाही हे ओळखायला शिकलं नाही. आपण पुढे आठवणं टाकून दिलं आणि दुसऱ्याने ठरवणं मात्र जपून ठेवलं. क्लासच्या छापील नोट्स हे त्याचंच आजचं रूप आहे.

आता विरोधी बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. नवख्याला मोकळं सोडलं तर तो शिकत नाही, भरकटतो. हे खरं आहे. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एका गाजलेल्या लेखात हेच मांडलं: विषयाचा पाया नसलेल्या विद्यार्थ्याला ‘तूच शोध’ म्हणून कमीत कमी मार्गदर्शन देणं फसतं, कारण त्याच्या मनाची सगळी शक्ती धडपडण्यातच खर्च होते. ज्यांनी ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराच्या, नावाखाली शिक्षकाने गप्प बसावं असा अर्थ काढला, त्यांनी मुलांचं नुकसान केलं, हे मान्य करायला हवं. पण हा आक्षेप स्वयंनियंत्रित अध्ययनाला लागूच होत नाही. झिमरमन यांच्या मांडणीत हे कौशल्य अंगात येण्याचे चार स्तर आहेत: आधी जाणत्या माणसाला पाहणं, मग त्याच्या देखरेखीत तसंच करून पाहणं, मग ठरलेल्या परिस्थितीत एकट्याने करणं आणि शेवटी परिस्थिती बदलली तरी स्वतःला जुळवून घेणं. पहिल्या दोन स्तरांत शिक्षक पूर्णपणे हजर आहे.

सोलापूरला हे नव्याने सांगायला नको. यंत्रमागावर येणारा नवा मुलगा पहिल्या दिवशी माग चालवत नाही. तो जुन्या कारागिराशेजारी उभा राहतो, तुटलेला धागा कसा हेरतात, माग कधी थांबवतात, गाठ कशी मारतात ते बघतो. मग कारागीर उभा असताना स्वतः गाठ मारतो. मग एक माग त्याच्याकडे येतो आणि बऱ्याच काळानंतर एकाहून अधिक. त्याला शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे माग चालू असताना नजर कुठे ठेवायची. उभा धागा तुटला आणि वेळेवर दिसलं नाही, तर चादरीत लांबच लांब रेघ पडते आणि माल उतरवल्यावर ती कितीही बघितली तरी जात नाही. आपण मुलांच्या अभ्यासाची तपासणी अशी माल उतरवल्यावर करतो, सहामाहीला किंवा थेट निकालाला. धागा तुटतानाच तो त्यांच्या लक्षात यावा म्हणून त्यांना काय शिकवतो?

लक्ष्य कोणतं आणि केव्हा, यालाही क्रम आहे. झिमरमन आणि अनास्तासिया कित्सान्तास यांनी १९९७ साली शाळकरी मुलींना डार्ट फेकायला शिकवलं. काही मुलींना फक्त गुणांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना हाताच्या हालचालीच्या पायऱ्यांकडे. तिसऱ्या गटाला आधी पायऱ्यांवर आणि त्या अंगवळणी पडल्यावर गुणांवर लक्ष द्यायला सांगितलं. हा तिसरा गट सगळ्यांत पुढे गेला, पहिल्यापासून गुणांकडे बघणाऱ्या मुली मागे पडल्या. नेम चुकला तो हाताची रीत चुकली म्हणून, असं मानणाऱ्या मुलींचा आत्मविश्वास टिकला. मला जमतच नाही असं मानणाऱ्यांचा ढासळला. जून महिन्यात नववीतून दहावीत आलेल्या मुलाच्या टेबलासमोर ‘९५ टक्के’ असा कागद चिकटवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. तो कागद फेब्रुवारीत उपयोगी पडेल. जूनमध्ये तो मुलाला फक्त आपण किती दूर आहोत एवढंच रोज सांगतो.

‘एकलव्याला कोणता क्लास होता?’ असा प्रश्न या वादात हमखास येतो. एकलव्याने गुरूचा पुतळा समोर ठेवला, म्हणजे नेम कसा असावा याचं माप समोर ठेवलं आणि त्या मापाशी स्वतःला रोज ताडून पाहिलं. त्या कथेत स्वतःहून शिकणं आहे, हे खरंच. पण त्याच कथेत वर्गाचं दार बंद आहे आणि शेवटी अंगठा जातो. दार बंद ठेवणाऱ्यांची बाजू सावरायला ती कथा वापरू नये.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, नीलमनगरात किंवा अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या परिसरात राहणाऱ्या मुलीला ‘स्वतःला शिस्त लाव’ असं सांगणं म्हणजे काय? घर दीड-दोन खोल्यांचं. आई विडी कारखान्याच्या शाखेतून पानं-तंबाखू आणून दिवसाकाठी हजार विड्यांचा हिशोब गाठायला बसलेली, त्यात मुलीच्या हाताची मदत लागणारच. शेजारी माग चालू. पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक जण घागरी-पिंपांमागे असतो. अशा घरातल्या मुलीचा अभ्यास झाला नाही तर तो तिच्या स्वनियंत्रणाचा दोष? स्वनियंत्रणाच्या संशोधनाचा असा गैरवापर झालेला आहे. लहान मुलासमोर खाऊची गोळी ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगण्याचा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग जगभर सांगितला गेला. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा त्यातून डंका पिटला गेला. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी तोच धागा नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तपासला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक पातळी हिशोबात घेतल्यावर तो संबंध सुमारे दोन तृतीयांशाने घटला. ज्याला आपण मुलाची चिकाटी समजत होतो, तिच्यात घराचा वाटा मोठा होता.

हे सगळं मान्य करूनही माझा निष्कर्ष उलट दिशेने जातो. क्लासची फी भरू शकणाऱ्या घरातल्या मुलाचा अभ्यास दुसरं कुणीतरी हाकून देतं: क्लासवाला वेळापत्रक देतो, दर रविवारी चाचणी घेतो, घरी फोन करतो. जिच्याकडे हे नाही, तिला अभ्यास हाकण्याची विद्या सगळ्यांत जास्त लागते, आणि ती तिला मिळण्याची एकमेव जागा शाळा आहे. तिला दोष द्यायचा नाही हे बरोबर. पण दोष नको म्हणून विद्याही द्यायची नाही, हा कुठला न्याय? आणि ही विद्या तिच्या घराकडे बघून द्यायला हवी. पहाटे पाच ते सात विज्ञान, सात ते आठ गणित असं घड्याळाचं वेळापत्रक तिच्या घरी तीन दिवसांत मोडतं, कारण पाण्याची वेळ तिच्या हातात नाही. मोडलं की ती स्वतःला नालायक समजते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर एक साधी तोड अभ्यासली: वेळेऐवजी प्रसंगाला काम बांधायचं. ‘पाणी भरून झालं की लगेच, भांडी घासण्याआधी, काल चुकलेली दोन गणितं.’ ‘आई शाखेत विड्या द्यायला गेली की ती येईपर्यंत विज्ञानाच्या तीन व्याख्या न बघता.’ जेव्हा अमुक घडेल तेव्हा तमुक करीन, अशा बांधणीवरच्या ९४ चाचण्यांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा ही बांधणी स्पष्टपणे परिणामकारक ठरली. आपल्या गड्ड्याचंच बघा. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा असते, आणि पूर्वपरीक्षाही त्याच सुमारास. त्या दिवसांत अभ्यास होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणाच्याच वेळापत्रकात गड्डा नसतो. नंदीध्वजांची मिरवणूक धरून आखणी केली तर ती मोडत नाही.

तिच्याजवळ एक भांडवलही आहे, जे आपण ओझं समजतो. सोलापुरातल्या कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते आणि शाळा मराठीत. मिशेलिन ची यांनी १९९४ साली आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा धडा वाचायला दिला आणि प्रत्येक वाक्यानंतर याचा अर्थ काय, हे स्वतःला समजावून सांगायला लावलं. नुसत्या वाचणाऱ्यांपेक्षा त्या मुलांना विषय खोलवर कळला. हृदयाच्या चार कप्प्यांतून रक्त कसं फिरतं, हे मराठी पुस्तकातून वाचून धाकट्या भावाला तेलुगूत सांगणारी पद्मशाली घरातली मुलगी नेमकं हेच करते. दुसऱ्या भाषेत सांगताना पुस्तकातलं वाक्य उचलता येत नाही, समजलेलंच सांगावं लागतं. पण वर्गात तिला कुणी सांगतं का, की हाही अभ्यासच आहे?

स्वावलंबनाचा अर्थ महाराष्ट्राने एकदा नीट समजून घेतला होता. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटलं. म्हणून त्यांनी मुलांना ‘आपापलं बघा’ म्हणून सोडलं का? त्यांनी आधी वसतिगृह काढलं. राहायला छप्पर, एकत्र जेवण, वाट्याला आलेलं काम, अभ्यासाला जागा आणि लक्ष ठेवणारं माणूस दिलं. मुलं स्वतःच्या पायावर उभी राहिली ती या आधारावर. आपण आज त्या ब्रीदातला पहिला शब्द घेतला आहे आणि वसतिगृह विसरलो आहोत.

शिक्षकांचा आक्षेप राहतो: साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामं, संपत नसलेला अभ्यासक्रम, त्यात हे आणखी एक? त्यांची शंका अनुभवातून आलेली आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत स्वयंमूल्यमापनाचा उल्लेख होताच. त्याचं काय झालं? वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्यं बाजारात आणि मोबाइलवर फिरू लागली, नोंदवह्या भरल्या, आणि मुलाला स्वतःबद्दल काही कळण्याऐवजी वरच्या अधिकाऱ्याला दाखवण्याचा कागद तयार झाला. संशोधनातही हा इशारा आहे. शार्लोट डिग्नाथ आणि सहकाऱ्यांनी शाळांमधल्या अशा प्रशिक्षणांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संशोधकांनी स्वतः राबवलेल्या कार्यक्रमांचा परिणाम नेहमीच्या शिक्षकांनी राबवलेल्यांपेक्षा मोठा दिसला. म्हणजे नुसता आदेश काढून हे होणार नाही, शिक्षकाला आधी ते स्वतः करून बघायला वेळ आणि साथ लागेल.

पण ते अभ्यासक्रमात वेगळी भर म्हणून करायचंच नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली चार मिनिटं घ्या. पुस्तक बंद, तीन प्रश्न: एक कालच्या धड्यावर, एक मागच्या आठवड्याच्या, एक मागच्या महिन्याच्या. मुलांनी लिहायचं, फळ्यावरच्या उत्तराशी स्वतः ताडायचं, गुण कुणी नोंदवायचे नाहीत. गुण नोंदवले की मुलं शेजारच्याचं बघतात आणि सगळी कसरत वाया जाते. घटक चाचणीच्या कोपऱ्यात, पेपर लिहायला घेण्याआधी, ‘मला २० पैकी किती पडतील’ हा आकडा प्रत्येकाने लिहायचा. पेपर परत मिळाला की दोन आकड्यांतला फरक बघायचा. सुरुवातीला कच्ची मुलं १६ लिहितात आणि ७ मिळवतात. हा फरक कमी होत जाणं हीच प्रगती, गुण नंतर येतात. मग चुकांची वर्गवारी: प्रश्न नीट वाचला नाही, पायरी किंवा चिन्ह चुकलं, मुळात कल्पनाच माहीत नव्हती, की वेळ संपला. चारही चुकांना पेपरात सारखाच शून्य मिळतो, पण उपाय चार वेगळे आहेत. भिंगांच्या उदाहरणात वस्तूचं अंतर ऋण घ्यायला विसरलेल्या मुलीने पूर्ण धडा पुन्हा वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे. तिने प्रत्येक उदाहरणात आधी चिन्हं लिहायची, एवढंच. ज्याला नाभीय अंतर म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याने मात्र चिन्हांचा सराव करून काही होणार नाही.

यात बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. चुकांची वही सुंदर होऊ लागते: तीन रंगांची पेनं, पूर्ण उत्तर उतरवलेलं, चूक का झाली याचा शब्दही नाही. शिक्षकांनी ती तपासून शेरा द्यायला सुरुवात केली की मुलं शेऱ्यासाठी चुका लिहितात. दोन ओळींची मर्यादा घातली तर हे थांबतं: काय चुकलं, पुढच्या वेळी आधी काय करणार. दुसरा बिघाड मदत मागण्यातला. ‘उत्तर सांगा’ आणि ‘पहिली पायरी सांगा, पुढचं मी बघतो’ या दोन मागण्यांत शेरॉन नेल्सन-ले गॉल यांनी स्पष्ट फरक केला आहे. पहिलीने गृहपाठ पुरा होतो, दुसरीने माणूस शिकतो. वर्गात नियम करता येतो: शंका विचारताना आपण कुठपर्यंत आलो ते आधी दाखवायचं. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा बिघाड म्हणजे आधार कधीच न काढणं. जून-जुलैत प्रश्न शिक्षकांनी द्यावेत, गणपतीनंतर मुलांनी तीनांतला एक निवडावा, दिवाळीनंतर ते स्वतःच काढावेत. वर्षभर शिक्षकच प्रश्न देत राहिले तर तो पुन्हा परवचाच झाला.

‘हे सगळं मुलाखती आणि प्रश्नावल्यांवर उभं आहे, मुलं खरं सांगतात कशावरून?’ असा एक प्रश्न विचारला जाऊ शकतो, आणि तो रास्त आहे. कॅनडातल्या फिलिप विन यांनी मुलांनी सांगितलेली पद्धत आणि संगणकावर त्यांनी प्रत्यक्ष केलेल्या कृतींच्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्ही नीट जुळल्या नाहीत. १९८६ चा ९३ टक्क्यांचा आकडाही संबंध दाखवतो, कारण दाखवत नाही: हुशार मूल युक्त्या वापरतं, की युक्त्या वापरल्याने हुशार होतं, हे तो सांगू शकत नाही. म्हणूनच मी त्या एका आकड्यावर थांबलो नाही. डार्टचा, आठवून लिहिण्याचा, स्वतःला समजावण्याचा, हे सगळे प्रयोग आहेत, ज्यांत पद्धत बदलली आणि फळ बदललं. आणि मुलं स्वतःबद्दल चुकीचं सांगतात, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे. त्यांना स्वतःचा अंदाज नाही, तो शिकवावा लागेल.

मोबाइलचाही इथेच निकाल लागतो. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्यभरच्या पुस्तकांत आले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड स्कॅन करून धडा पुन्हा बघता येतो, थांबवता येतो, ही गरीब मुलासाठी मोठी गोष्ट आहे. पण व्हिडिओ बघूनही ओळखीचं वाटण्याचा तोच भास होतो, जो गाइड वाचून होतो. सहा मिनिटांचा व्हिडिओ झाला की फोन उपडा ठेवून तीन मिनिटं कोऱ्या कागदावर आकृती काढली, तर त्या कोडचं चीज झालं. मोबाइल द्यावा की काढून घ्यावा, यावर घरोघरी होणाऱ्या भांडणात ही तीन मिनिटं कुणी मागत नाही.

मग क्लासचं काय? ज्यांना परवडतो त्यांनी लावावा, माझा विरोध नाही. क्लास निवडताना निकालाचे फ्लेक्स बघण्याऐवजी एवढं विचारावं: चाचणीनंतर मूल स्वतःच्या चुका किती वेळ बघतं, आणि वर्षाच्या शेवटी ते तुमच्याशिवाय काय करू शकेल? महापालिकेने आणि संस्थांनी संध्याकाळी सहा ते नऊ शाळांच्या दोन-दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात. विडी घरकुलात आणि यंत्रमागांच्या वस्तीत आधी. तिथे दिवा, पंखा, पिण्याचं पाणी आणि शंका विचारता येईल असं एक माणूस हवं. कॉलेजातला विद्यार्थीसुद्धा चालेल, पण उत्तर न सांगता पहिली पायरी सांगणारा. भाऊरावांच्या वसतिगृहाची ही आजची, स्वस्तातली आवृत्ती आहे.

आणि घरात? आठवीतल्या मुलीची आई शाळेत गेलेली नसेल, तिला अपवर्तन म्हणजे काय हे माहीत नसेल. तरी विडीची पानं कापता कापता ती तीन गोष्टी विचारू शकते: पुस्तक मिटून आज काय काय आठवलं, कुठे अडलं, आणि ते उद्या कुणाला विचारणार आहेस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तिने थांबावं. उत्तर ‘कुणालाच नाही’ असं आलं, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तोच प्रश्न वर्गशिक्षकांना विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.